सोनाराचा कांटा

बाजारांतील इतर दुकानें आणि सोनाराचें दुकान यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. वाण्याच्या दुकानांतून आपण त्याचा माल घरीं आणतों. सोनाराच्या दुकानांत आपण आपलाच माल नेऊन ठेवतों. आजीची जुनी पाटली, तुटलेली साखळी, जोडींतली एक हरवून उरलेली कुडी, असें कांहींतरी पुडींत बांधून आपण त्याच्या हवालीं करतों, आणि आठ-पंधरा दिवसांनीं जी नवी वस्तु हातीं पडते ती पाहून समाधान मानतों. मधल्या दिवसांत आपलें सोनें आपल्या दृष्टीआड वितळतें; त्याचें रूप जातें आणि ओळखही पुसली जाते. ओतलेल्या कांडीकडे बोट दाखवून ‘ही माझी पाटली’ असें जगांतील कोणीही शपथेवर सांगूं शकणार नाहीं. मग परत आलें तें आपलेंच आहे, हें आपण कशावरून मानतों? आजच्या भाषणांत या एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठीं मी आपणांस नंदुरबारकडे नेणार आहें.

नंदुरबारच कां, असें कोणी विचारील. खानदेशांत सोन्याची गोष्ट निघाली म्हणजे जळगांवचें नांव आधीं येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु नंदुरबारही व्यापाराला नवखें नाहीं. सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा मार्ग या गांवावरून जात असे, आणि हिऱ्यामाणकांच्या व्यापारासाठीं हिंदुस्थानांत पुनःपुन्हां आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें आपल्या प्रवासवर्णनांत या गांवाचा उल्लेख केला आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा काढून नंदुरबार जिल्हा झाला. त्याच्या दक्षिण भागांत तापीकांठचें सपाट रान, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे सीमेवरून वाहणारी नर्मदा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें जिल्ह्यांतील शंभर माणसांपैकीं सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी हे त्यांतले प्रमुख समाज.

यामुळें येथील सोनाराला दोन प्रकारचीं गिऱ्हाइकें असतात. एक सपाटीवरचें, सोन्याचें. दुसरें डोंगरांतलें, रुप्याचें. आपण शहरांतले लोक चांदी म्हटलें कीं देवघरांतलीं भांडीं आणि पायांतले पैंजण एवढेंच डोळ्यांपुढें आणतों. सातपुड्यांत रुप्याचा मान निराळा आहे. गळ्यांतील हांसळी आणि साखळ्या, हातांतील भरीव कडीं, कमरेचा कंदोरा, पायांतील तोडे, हें सारें रुप्याचें आणि वजनदार. तें बाईचें लेणें असतें, आणि तीच तिची पेढीही असते. जेथें बँकेची पायरी दूर आणि कागद अनोळखी, तेथें मिळविलेला पैसा अंगावर बाळगणें हाच बचतीचा सोपा मार्ग ठरतो. सांगायची गोष्ट ही कीं, अशा गिऱ्हाइकासाठीं दागिना घडविणारा कारागीर केवळ शोभेची वस्तु करीत नसतो. तो एका कुटुंबाची शिल्लक आपल्या हातांनीं नव्या आकारांत ओतीत असतो.

अशा दुकानाचे दोन भाग कल्पावे. पुढें गादी, कपाट आणि कांटा; मागें कारागिराची बैठक. तेथें ऐरण, हातोड्या, चिमटे, सांडशी, कानशी, फुंकणी आणि मूस. आतां फुंकणीच्या जागीं बहुधा गॅसची ज्योत आली आहे आणि मागणीप्रमाणें चालणारीं लहान यंत्रेंही आलीं आहेत. पण कामाचा क्रम तोच आहे. हांसळीचें काम निघालें म्हणजे प्रथम वजन, मग मूस. चांदी सुमारें ९६१ अंश सेंटिग्रेडला वितळते, सोनें सुमारें १०६४ अंशांना. वितळलेल्या रसावर टाकणखाराची चिमूट टाकली म्हणजे मळ वेगळा होतो. मग साच्यांत ओतून कांडी करावयाची आणि ऐरणीवर ठोकून वाढवावयाची. ठोकतां ठोकतां धातु ताठर होतो. तो तापवून पुन्हां मऊ करावा लागतो, आणि पुन्हां ठोकावा लागतो. येथें घाई उपयोगाची नाहीं. ताठर झालेल्या धातूवर घाव घालीत गेलें तर चीर पडते आणि सारी मेहनत परत मुशींत जाते. बारीक काम असेल तर लहान लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टींतून तार ओढतात. शेवटीं आम्लांत उजळणें आणि रिठ्याच्या पाण्यानें धुणें. पांढरें स्वच्छ रुपें हातांत येतें तें इतक्या वाटेनें.

मापाचीही एक विद्या आहे. कडें मनगटाच्या मापाचें करून चालत नाहीं. मिटलेल्या हाताच्या रुंद भागावरून तें सरकलें पाहिजे, आणि सरकल्यावर गळूनही पडतां कामा नये. हांसळीचें तोंड उघडें असतें. तें किती उघडें ठेवावें आणि धातु किती जाड घ्यावा याचा अंदाज गळा पाहूनच करावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलीसाठीं थोडी सैल जागा ठेवावी लागते. शिवाय ज्या त्या समाजाची घडण निराळी; पावरा घरांतली पसंती मावची किंवा कोकणी घरांत चालेलच असें नाहीं. गिऱ्हाईक नमुन्याचें पुस्तक चाळीत बसत नाहीं. तें ‘माझ्या आईच्या गळ्यांत होती तशी’ एवढेंच सांगतें, आणि कारागिराला ती आईची हांसळी ठाऊक असावी लागते.

या दुकानाचें पंचांगही वेगळें असतें. होळीच्या आधींच्या आठवड्यांत सातपुड्यांत भोंगऱ्याचे बाजार भरतात, आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काठी येथील राजवाडी होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. मिरची, कापूस आणि इतर पिकांचा पैसा तोंवर हातीं आलेला असतो. ऊसतोडीसाठीं गुजरातेंत गेलेलीं कुटुंबेंही होळीची ओढ धरतात. त्या दिवसांत डोंगरांतलें गिऱ्हाईक दागिना घडवावयास किंवा उजळावयास येतें. पुढें आखाजी, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया, आणि लग्नसराई. तेव्हां सपाटीवरचें सोन्याचें काम. मग पावसाळा. तिफणी चालूं लागल्या कीं बियाण्याला पैसा लागतो, घरांत आजारपण निघतें, आणि होळीला आनंदानें घडविलेलें रुपें मोडीला किंवा गहाणाला बाहेर पडतें. अशा रीतीनें एकाच वर्षांत तोच दागिना दोनदां कांट्यावर चढतो. एकदां घेतांना, एकदां देतांना. दोन्ही वेळां कांटा सरळ असेल तर तें कुटुंब तगलें. दोन्ही वेळां तो थोडा झुकला तर वर्षाची मेहनत त्या झुकण्यांतच गेली.

आणि हा कांटा झुकतो, असा लोकांचा संशय फार जुना आहे. ‘सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. तींत जातीची निंदा ऐकूं येते, आणि तेवढ्यापुरती ती टाकून देण्याजोगीच आहे. पण तीन धंदे एका ओळींत कां बसले याचा विचार केला तर एक गोष्ट उमगते. सोनाराला आपण धातु देतों, शिंप्याला कापड देतों, कुळकर्ण्याच्या हातीं आपल्या जमिनीचें दफ्तर असे; तिन्ही ठिकाणीं वस्तु आपली, परंतु हिशेब दुसऱ्याच्या हातांतला. म्हण खरी बोलते ती त्या माणसांविषयीं नव्हे. आपल्या असहायतेविषयीं बोलते.

राज्यकर्त्यांनाही हा संशय होताच. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सोनारांच्या कामासाठीं स्वतंत्र प्रकरणें घातलीं आहेत आणि धातु लांबविण्याचे पांच प्रकार नांवनिशीवार सांगितले आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. म्हणजे खोटा कांटा, अदलाबदल, भेसळ, मुलामा व पोटांत दुसरा धातु दडविणें, आणि जडावाच्या निमित्तानें केलेली चोरी. परंतु त्याच ग्रंथांत घडणींत होणारी योग्य घटही मान्य केलेली आहे, हें विसरूं नये. कानशीनें घासलेला कीस, ज्योतींत गेलेला अंश, बोटांना आणि फडक्याला लागलेली धूळ, ही घट खरी असते. चांगला कारागीर बैठकीखालची राखदेखील फेंकीत नाहीं. ती झारेकऱ्याला विकली जाते, आणि तो ती धुऊन, गाळून त्यांतले कण काढतो. खरी घट कोणती आणि चोरी कोणती, हें ठरविणार कोण, हाच प्रश्न आहे.

येथें एका जुन्या रीतीची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण माझ्या समजुतीनें या साऱ्या विषयाचें मर्म तींत आहे. रुपया हा शब्दच रुप्यापासून आला. इंग्रजी अमदानींतला चांदीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी असे. म्हणून दागिन्याचें वजन सांगतांना लोक ‘वीस रुपयेभार’, ‘चाळीस रुपयेभार’ असें म्हणत. ही नुसती बोलण्याची पद्धत नव्हती. ज्याला अक्षर येत नसे, गुंज आणि मासा कळत नसे, तोही कमरेची थैली सोडून आपले रुपये पारड्यांत टाकी. वीस रुपयांना कडें समतोल झालें, कीं कडें वीस रुपयेभार. पुष्कळ जण तर रुपयेच आटवावयास देत. मग कसही माहीत आणि वजनही माहीत. या व्यवहारांत वजनमाप सोनाराच्या पेटींत नसून गिऱ्हाइकाच्या गांठीला होतें, हें लक्षांत घ्या.

तें माप गिऱ्हाइकाच्या हातून कसें गेलें, याचा इतिहास सोनारांच्या आळींत घडला नाहीं. तो टांकसाळींत घडला. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळींत नेऊन रुपये पाडून घेऊं शके. त्या वर्षीं सरकारनें ही मुभा बंद केली. रुपयाचा भाव सरकारी हुकमानें टिकला आणि चांदीचा भाव उतरत गेला. म्हणजे रुपयाभार चांदीला रुपयाहून पुष्कळ कमी मिळूं लागलें. त्यानंतर १८९९-१९०० मध्यें दुष्काळ पडला. विक्रम संवत् १९५६ वरून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, आणि खानदेशाला त्याची झळ फार लागली. ज्यांनीं रुपया आणि रुपें एकच मानून अंगावर शिल्लक ठेवली होती, त्यांना तें रुपें विकतांना हा फरक सोसावा लागला. पुढें १९४० मध्यें रुपयांतील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्यें रुपया निकेलचा झाला. पारड्यांत टाकावयाचें लोकांचें वजन असें नाहींसें झालें.

मग मापांची भाषाही बदलली. १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं. आठ गुंजांचा मासा, बारा मास्यांचा तोळा, आणि तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज मात्र बाजारांत तोळा म्हणजे दहा ग्रॅम असेंच समजतात. यांत लबाडी नाहीं. पण माहिती नसेल तर नुकसान आहे. आपल्या आजीच्या पांच तोळ्यांच्या पाटल्या जुन्या तोळ्याच्या असतील आणि झिजल्या नसतील, तर त्या ५८ ग्रॅमांहून अधिक, म्हणजे आजच्या बोलींत पावणेसहा तोळ्यांच्याही वर भरावयास हव्यात. ‘पांच म्हणत होता ना, हे घ्या पांच’ असें कोणी म्हणाला तर आपण कोणते पांच हें विचारलें पाहिजे.

सोन्याच्या बाबतींत सरकारचा हात याहूनही जवळ येऊन पोंचला. ९ जानेवारी १९६३ रोजीं सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने करण्यास मनाई झाली. परकीय चलनाची ओढ आणि चोरटी आयात हें कारण खरें होतें. पण कुऱ्हाड पडली ती लहान कारागिरावर. बावीस कॅरटांत वाढलेल्या हातांना चौदा कॅरटांचा ताठर धातु मानवेना, गिऱ्हाइकाला तो नकोच होता, आणि देशभर सोनारांच्या घरीं चुली थंडावल्या. कांहींनीं जीवही दिले. गिऱ्हाइकाच्या जुन्या सोन्याचे दागिने त्याच कसांत पुन्हां घडवून देण्याची सवलत पुढें मिळाली. १९६६ मध्यें शुद्धतेचें बंधन उठलें. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० मध्यें रद्द होईपर्यंत राहिला. त्या वर्षांत जीं दुकानें टिकलीं त्यांतलीं पुष्कळशीं मोडीच्या आणि दुरुस्तीच्या कामावर, म्हणजे ओळखीच्या घरांच्या विश्वासावर टिकलीं.

आतां सरकारनें दुसरी वाट धरली आहे, आणि ती अधिक शहाणपणाची आहे. २००० सालापासून सोन्यावर प्रमाणखूण, म्हणजे हॉलमार्क, उठविण्यास आरंभ झाला. १६ जून २०२१ पासून तो ठराविक जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि जिल्ह्यांची संख्या वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून, जेथें सक्ती आहे तेथें, अक्षरें व अंक मिळून सहा खुणांचा स्वतंत्र क्रमांक असल्याखेरीज नवा दागिना विकतां येत नाहीं. मोबाइलवर हा क्रमांक घातला कीं दागिना कोठें तपासला, किती कसाचा, हें दिसतें. ‘९१६’ या आंकड्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोनें, म्हणजे बावीस कॅरट. रुपयाभाराच्या काळीं गिऱ्हाइकाच्या गांठीला असलेलें माप अशा रीतीनें निराळ्या रूपानें त्याच्या खिशांत परत आलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु हें माप आलें आहे तें सोन्याच्या गिऱ्हाइकाकडे. चांदीवरची खूण ऐच्छिक आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरही असा क्रमांक येऊं लागला, तरी सक्ती सोन्यालाच आहे. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान दुकानांना सोन्याच्याही सक्तींतून सूट मिळालेली आहे. धडगांवच्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरांतून उतरून जी बाई आपलें रुपें घडवावयास आणते, तिच्यापुढें कांचेच्या पेटींत विजेवर चालणारा कांटा असतो; त्यावरचे लाल आंकडे तिला वाचतां आले तर ठीक. आणि आठवड्याच्या बाजारांत तिच्यासमोर दुसरी एक भूल मांडलेली असते: पांढऱ्या धातूचे स्वस्त, चकचकीत, यंत्रावर दाबलेले दागिने. जर्मन सिल्व्हर या नांवांत चांदी आहे. त्या धातूंत ती मुळींच नसते, तांबें, जस्त आणि निकेल असतें. हौस म्हणून तो दागिना घेण्यांत वाईट नाहीं. पण पावसाळ्यांत बियाण्यासाठीं तो मोडावयास नेला म्हणजे त्याचें मोल कळतें.

येथें संत नरहरी सोनारांची कथा मला बोलकी वाटते. पंढरपुरांत राहून ते कट्टर शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळांत जाणार नाहींत. एका सावकारानें नवसाचा सोन्याचा करगोटा देवासाठीं करावयास सांगितला, तो त्यांनीं दुसऱ्यानें आणून दिलेल्या मापावर केला. तो बसेना. दुरुस्त केला, तरी बसेना. अखेर डोळे बांधून ते स्वतः माप घ्यावयास गेले, हातांना शंकर लागला. पट्टी सोडली तों समोर विठ्ठल. कथेचा अर्थ शिव आणि विष्णु एकच हा, हें उघड आहे. पण धंद्याच्या अंगानें पाहतां तींत असेंही सांगितलें आहे कीं, ज्याच्यासाठीं घडवावयाचें त्याच्यापर्यंत कारागीर स्वतः गेल्याखेरीज माप जुळत नाहीं. यंत्रावर निघालेला दागिना सर्वांसाठीं असतो. मागणीप्रमाणें घडविलेला दागिना एका माणसासाठीं असतो. त्या माणसाचें मनगट, त्याची ऐपत, त्याची गरज हें सर्व त्या मापांत येतें.

म्हणून नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतलीं लहान घडणीचीं दुकानें टिकावींत असें मला वाटतें. आणि टिकावयाचीं तर त्यांनीं आपला कांटा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवला पाहिजे. वैधमापन खात्याची मोहोर कांट्यावर असावी. आटणीपूर्वीं आणि घडणीनंतर, दोन्ही वेळां वजन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हावें आणि आंकडा मोठ्यानें, त्याच्या बोलींत सांगितला जावा. डाक किती, लाख किती, खडे किती, घट किती आणि घडणावळ किती, हें कामाआधीं ठरावें आणि पावतीवर उतरावें. हीच दक्षता आपण शहरांतल्या घरींही घ्यावी. ओळखीच्या सोनाराकडे पावती मागणें म्हणजे त्याचा अपमान, ही समजूत सोडून द्यावी. खऱ्या कारागिराला पावतीचें भय नसतें, उलट तिनें त्याच्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संशय फिटतो.

आरंभीं जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर इतकेंच आहे. मुशींतून परत आलेलें सोनें आपलेंच आहे, हें धातु सांगत नाहीं. तें कांटा सांगतो, कसोटी सांगते, आणि या दोहोंच्या मागें उभा असलेला माणूस सांगतो. ज्याला अंक वाचतां येतो त्याची राखण खूण करील. ज्याला तो वाचतां येत नाहीं, त्याची राखण करावयास आज तरी सोनाराच्या सचोटीवांचून दुसरें कांहीं नाहीं. ही जबाबदारी मोठी आहे, आणि ती पेलणारीं माणसें कोठल्या तरी आळींत, ऐरणीपुढें मान घालून बसलेलीं असतात, याची जाणीव आपण ठेवावी.